बायनाबाईची कॅसेट

सोमवारी नागपूरला आईचं ऑपरेशन होतं आणि शुक्रवारची दुपार झाली तरी पुनमनं ती कॅसेट कपाटातून काढली नव्हती.

बल्लारपुरातल्या आपल्या घराच्या पुढच्या खोलीत पुनम लोकांच्या जुन्या व्हिडिओ कॅसेट साफ करून, पेन ड्राइव्हवर उतरवून द्यायची. लग्नं, बारशी, कुणाच्या तरी रिटायरमेंटचे हारतुरे. दोन वर्षांत तिनं अशा शंभरेक कॅसेट वाचवल्या होत्या. घरची तेवढी एक राहिली होती. "पुढच्या हप्त्यात लावू," असं ती आईला सांगत आली, आणि आता पुढचा हप्ता उरला नव्हता. गाठ थेट स्वरयंत्रात होती. डॉक्टर ते काढूनच टाकणार होते.

तिची आई बायनाबाई पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकांत गाणारी नटी. दिवाळी झाली की कंपनीबरोबर निघायची, ती होळीला परतायची. अठ्ठ्याण्णव साली सावली तालुक्यातल्या एका गावात शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतीच्या, निमित्तानं तिचं नाटक झालं, आणि एका लग्नाच्या शूटिंगवाल्यानं ते हौसेनं टिपलं. तिच्या गाण्याची तेवढीच एक खूण उरली होती.

"आज लावतं ना वो?" बायनाबाई खुर्ची ओढून जवळ बसली. आवाजाची आता नुसती फुसफुस झाली होती.

"साफ तं करू दे आधी."

पुनमनं पाच स्क्रू काढून कॅसेट उघडली. रिळाच्या कडेला पांढरी बुरशी धरली होती. मऊ फडक्यावर स्पिरिट घेऊन ती हातानं एकेक वेढा फिरवत पुसू लागली. भीती बुरशीची नव्हती. याहून वाईट कॅसेट तिनं साफ केल्या होत्या.

"हे काय चिपकवलं इथी?" बायनाबाईनं कॅसेटचं रिकामं खोकं हातात घेतलं होतं. कडेला पिवळी पडलेली चिकटपट्टी होती.

पुनमनं फडकं बाजूला ठेवलं. शूटिंगवाल्यानं कॅसेट देताना कडेची प्लास्टिकची चिप मुद्दाम तोडून दिली होती. ती चिप नसली की कॅसेटवर दुसरं काही भरता येत नाही. पण त्या भोकावर पट्टी लावली की येतं. बारा वर्षांच्या पुनमला हे ठाऊक होतं.

'शूटिंगवाल्यानंच लावली असंल' हे उत्तर तिनं कित्येक वर्षं तयार ठेवलं होतं. ते ओठांपर्यंत आलंही.

"मी लावली," ती म्हणाली. "सहावीत होती तवा. टीव्हीवर सिनेमाचे गाणे लागले होते. ते भरले त्याच्यावर."

बायनाबाईनं खोकं मांडीवर ठेवलं. "काऊन?"

"शाळेत एक पोरगी म्हणे, तुही माय नाचेवाली हाय. मले लय राग आला."

"तिचा?"

"तुहा."

बायनाबाईनं नखानं ती पट्टी खरवडली.

"मले सांगितलं काऊन नाई?"

"तू कुठी होतीस?"

पुनमला वाटलं, हे बोलायला नको होतं. तीन दिवसांनी जिला बोलताच येणार नाही, तिला तर नकोच. पण शब्द निघून गेला होता. बायनाबाईनं मान फिरवली. मग तिनं विचारलं, "किती गेलं?"

"माहीत नाई. मशीन चालू करून मी भेवानं शेजारच्या मंगलीच्या घरी पळाली. वापस आली तं लाइट गेली होती. मंग पायलंच नाई कधी."

"तं लाव आता."

पुनमनं रीळ नव्या खोक्यात बसवलं, व्हीसीआरमध्ये घातलं, कॉम्प्युटरवर रेकॉर्डिंग सुरू केलं. पडद्यावर सिनेमातली जोडी बागेत नाचू लागली. पाच मिनिटं. दहा. पंधरा. बायनाबाई बोटांवर मोजत कुजबुजली, "नांदी गेली... माही एंट्री गेली... पयलं गाणं गेलं."

तेवढ्यात मशीन घरघरलं आणि पडदा निळा झाला. पुनमनं झडप घालून बटण दाबलं. झाकण काढून पाहिलं, तर फीत रबरी चाकाला गुंडाळली गेली होती. जोर लावला असता तर तुटलीच असती. तिनं श्वास धरून बोटाच्या टोकानं एकेक वळसा सोडवला. फितीवर एक चुणी पडली होती, पण फीत अख्खी होती. तिनं चाक पुसलं, फीत सपाट केली आणि पुन्हा बटण दाबलं.

आणखी चार गाणी झाली. पाचवं मध्येच तुटलं, पडद्यावर पट्टे ओढले गेले, आणि हिरवी साडी नेसलेली एक बाई पेटीच्या सुरावर पुढं आली. आवाज असा लागला की पुनमचा हात आपोआप तोंडाशी गेला. एकोणतीस मिनिटं पुसली गेली होती. त्यापुढचं जवळजवळ सगळं होतं, दुसरं गाणंसुद्धा पूर्ण.

बायनाबाई ते संपेपर्यंत हलली नाही. मग म्हणाली, "पयलं चांगलं होतं याच्याहून." आणि उठून आत गेली. शनिवारभर ती पुनमशी कामापुरतंच बोलली. रविवारी मात्र एका वहीत तिनं पहिल्या गाण्याचे शब्द लिहायला घेतले. एक ओळ आठवेना, तेव्हा वही पुनमपुढं सरकवली. पुनमला ती ओळ येत होती. लहानपणी तालमीला दाराआड बसून तिनं ती ऐकली होती. तिनं ती लिहून दिली.

ऑपरेशन साडेसहा तास चाललं. गाठ पुरी निघाली, असं डॉक्टर म्हणाले. पाचव्या दिवशी वॉर्डातल्या बायांना बायनाबाईनं पुनमच्या मोबाइलवर गाणं ऐकवलं. शेजारच्या खाटेवरची बाई डोळे पुसू लागली. बायनाबाईनं मात्र पाटी ओढून घेतली, लिहिलं आणि पुनमकडे वळवली.

'पेटीवाला बेसूर हाय. तवाच म्हटलं होतं मी त्याले.'