काजव्याच्या थाळीवरचा शेंदूर

मी काजवा बोलतोय. उडणारा नव्हे. मी हिरव्या पत्र्याचा एक डबा आहे, आणि मोहाडीपासून दोन कोसांवरच्या एका गावात, केवळराम मासेमाराच्या घरी, देव्हाऱ्यात बसलो आहे. एका बाजूला महादेवाची पिंड, दुसऱ्या बाजूला मातामायचा दगड. शेजार चांगला आहे, पण बोलके कोणी नाही. आणि एकदा तुम्हाला देव केले की माणसेही तुमच्याशी बोलत नाहीत, नुसती मागतात.

माझा जन्म कुठल्या तरी परदेशी कारखान्यात झाला. तिथले मला काही आठवत नाही. माझे आयुष्य सुरू झाले ते पंचाहत्तर साली, पुंडलिकरावांच्या टेबलावर. पुंडलिकराव पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. बायको वारलेली, मूलबाळ नाही, मोहाडीत एकटेच राहायचे आणि गळ टाकून मरळ पकडायचा त्यांना भारी नाद. जहाजावर नोकरी करणाऱ्या भाच्याने मामासाठी मला पाठवले होते.

माझे काम तसे सोपे. माझ्या तोंडावर घड्याळासारखी तबकडी आहे. तिच्यामागे एक लाल दिवा गरगर फिरतो. डब्यातून निघालेल्या तारेच्या टोकाला तळहाताएवढी काळी थाळी. ती पाण्यात सोडली की मी तळाला हाक मारतो, आणि हाक परत यायला जितका वेळ लागतो त्या हिशेबाने तबकडीवर दिवा चमकतो. पाणी किती खोल, खाली गाळ की खडक, मध्ये काही उभे आहे का, हे मी सांगू शकतो. माझ्यापुरते ते पुष्कळ होते.

पुंडलिकराव दर गुरुवारी तलावावर यायचे आणि केवळराम त्यांना आपल्या डोंग्यातून फिरवायचा. पहिल्या दिवशी मला पाहून तो हसला होता.

"साहेब, माह्या बापानं ह्या डब्याबिगर जिंदगी काढली. मासे काय याले पाहून वर येऊन राहिले?"

"वर नाही येत. कुठं बसले आहेत ते हा दाखवतो," पुंडलिकराव म्हणाले. "तू हळू वल्हव. घाई केलीस तर थाळीखाली बुडबुडे होतात आणि हा आंधळा होतो."

दिवा चमकताना पाहून "हा तं काजवाच आहे" असे केवळराम म्हणाला, आणि माझे बारसे झाले.

पुंडलिकरावांनी त्याला सगळे शिकवले. बारीक दिवा म्हणजे कडक तळ, पसरलेला दिवा म्हणजे गाळ. तळाच्या वर वेगळी उभी ठिणगी दिसली तर खाली झाडाचा खुंट आहे, आणि खुंटाच्या सावलीतच मरळ दबा धरते. तिचे दात दोरी कापतात, म्हणून गळाजवळ सायकलच्या ब्रेकची एक बारीक तार लावायची. तिने गळाला लावलेला बेडूक तोंडात धरला की लगेच ओढायचे नाही, मनात पाच म्हणायचे, मग झटका द्यायचा. माझ्या बॅटऱ्या इकडे मिळेनात, तेव्हा दोघांनी बांबूच्या नळीत टॉर्चचे आठ सेल एकामागे एक भरून माझी सोय केली. घरी आल्यावर सेल काढून ठेवायचे, नाहीतर फुटून पाणी सोडतात, हेही पुंडलिकरावांनी तीन-तीनदा बजावले.

एक गोष्ट मात्र ते बोलले नाहीत. थाळी पाण्यात सोडण्याआधी ते खिशातून रुमाल काढायचे आणि ती स्वच्छ पुसायचे. ती अगदी उघडी, नितळ असावी लागते. त्यांचा हात ते आपोआप करायचा, म्हणून तोंडाने सांगायचे राहून गेले.

ती चार वर्षे माझी सुखाची. डोंग्यात दोन माणसे, तीही कमी बोलणारी, आणि त्यांच्यामध्ये मी. दोघेही मान वाकवून माझ्याकडे बघायचे. कोणी आपल्याकडे असे बघत असले की आणखी काय हवे असते?

एकोणऐंशी साली पुंडलिकरावांचे गुडघे गेले. नागपूरला बहिणीकडे राहायला जायचे ठरले. जाताना त्यांनी मला केवळरामच्या हातात दिले. "मला काय करायचा नागपुरात," म्हणाले, "तुझ्या जाळ्याच्या कामाला येईल." मला निरोप द्यायला त्यांनी माझ्या पाठीवर दोनदा थापटले. मला वाटले होते, अधूनमधून येतील.

जाळ्याचे काम म्हणजे काय ते सांगायला हवे. आमचा तलाव सरकारी धरणाचा. पाणी भरले तेव्हा खालची झाडे पुरती तोडलीच नव्हती. उन्हाळ्यात गावचे मासेमार मिळून मोठे जाळे ओढायचे, आणि ते खुंटाला अडकले की कोणीतरी बुडी मारून सोडवायचे. केवळरामचा साळा गोमाजी असाच एकदा खाली गेला आणि जाळ्यातच गुंतून राहिला. केवळरामची बायको धुरपता ही त्याची एकुलती एक बहीण. तिने नवऱ्याकडून शब्द घेतला होता, काही झाले तरी बुडी मारायची नाही.

मी घरात आलो तेव्हा केवळरामने तिला सांगितले, "आता कोनालेच बुडी माराची गरज नाही. खुंट कुठं आहे थे काजवा सांगते, तिथं जाळं टाकाचंच नाही."

धुरपताने माझ्याकडे अशा नजरेने पाहिले की मला लाजल्यासारखे झाले.

पहिले दोन उन्हाळे मी तिचा विश्वास राखला. मी ठिणगी दाखवायचो, केवळराम "हटा, खुंट आहे" म्हणायचा, आणि जाळे दुसरीकडे पडायचे. एकदाही अडकले नाही.

दसऱ्याला धुरपता वल्ही, जाळे, विळा सगळे धुऊन पुजायची. बाकीच्यांना हळदकुंकू. मला मात्र तिने शेंदूर लावला. "जो राखन करते त्याले शेंदूरच पायजे," म्हणाली. जवसाच्या तेलात कालवलेला घट्ट शेंदूर, आणि तो नेमका थाळीवर, कारण पाण्यात तोंड घालते ती थाळीच ना. जवसाचे तेल वाळले की लाकडावरच्या रंगासारखे टणक होते. पुढच्या दसऱ्याला त्यावर दुसरा थर. मग तिसरा, चौथा.

थर चढत गेला तशी माझी हाक बसत गेली. तळ दिसायचा, पण धुक्यातून दिसावा तसा. केवळराम माझे बटण थोडे जास्त फिरवायचा. "सेल कमजोर झाले," म्हणून मोहाडीच्या बाजारातून नवे आणायचा. मी जीव तोडून ओरडत होतो, पण ते माझ्याच तोंडात राहत होते.

त्र्याऐंशीच्या मे महिन्यात जाळे ओढायचे होते. गोपीचंद, जागेश्वर आणि आणखी सहा जण दोरांवर. धुरपता बायकांबरोबर टोपल्या घेऊन काठावर उभी. केवळरामने मला सगळीकडून फिरवले. मला खुंट दिसला नाही. मला काहीच धड दिसत नव्हते.

"साफ आहे," तो म्हणाला. "टाका."

अर्ध्या वाटेत जाळे अडकले. आठ जणांनी जोर लावला, हलेना. जागेश्वर बुडी मारायला सदरा काढू लागला.

"तू थांब," केवळराम म्हणाला. "साफ आहे मनून मीच सांगतलो. मीच जातो."

काठावरून धुरपताची हाक आली, "अवो, शब्द देल्ला होता तुमी." त्याने तिकडे पाहिले नाही. दातात विळा धरला आणि उतरला.

माझी थाळी तेव्हा पाण्यातच लोंबत होती. माझ्या अगदी खालून माझा माणूस तळाकडे गेला आणि मला तो दिसला नाही. दिवा फिरत राहिला. त्याच्या जागी एक ठिणगीही उमटली नाही. त्या दिवसाइतका एकटा मी कधीच नव्हतो, या देव्हाऱ्यातसुद्धा नाही.

तो वर आला. उजव्या कानातून रक्त येत होते. फाटलेल्या जाळ्याचा तुकडा मुठीत होता. त्या कानाने त्याला पुन्हा कधी ऐकू आले नाही.

डोंगा काठाजवळ आल्यावर त्याने मला उचलले. "खोटारडा," म्हणाला, "मारला होता मले यानं." तो मला पाण्यात फेकणार, तोच धुरपता कंबरभर पाण्यात शिरली आणि तिने मला हिसकून घेतले.

"मारलं काहून मनता? यानंच वर आनलं तुमाले. माह्या भावाच्या वक्ती हा असता, तं तोही आला असता वर."

दोघांचेही चुकत होते. मी मारलेही नव्हते आणि वाचवलेही नव्हते. पण ती मला घरी घेऊन आली, देव्हाऱ्यात ठेवले, आणि त्या दसऱ्याला दुप्पट शेंदूर लावला. तेव्हापासून मला पाणी लागलेले नाही. केवळराम पूजेला बसतो तेव्हा माझ्याकडे बघत नाही. पाच वर्षे मी एकच मागत होतो, कोणीतरी ही थाळी खरवडा, एकदा तलावात सोडा, मी खोटा नाही हे त्याला दिसू द्या.

यंदा, अठ्ठ्याऐंशीच्या दिवाळीनंतर, पुंडलिकराव आले. काठी टेकत, पुतण्याच्या जीपने. चहा झाला, आणि त्यांनी विचारले, "आपला काजवा कुठं आहे?"

केवळरामने भलत्याच दिशेने तोंड फिरवले. धुरपताने त्यांना देव्हाऱ्यापाशी आणले.

त्यांनी थाळी हातात घेतली. शेंदरावरून अंगठा फिरवला. थर किती जाड आहे ते त्या अंगठ्याला लगेच कळले. त्यांनी खिशातून गळ साफ करायचा जुना चाकू काढला, उघडला आणि टोक शेंदराच्या कडेला लावले. मी श्वास रोखला म्हणा हवे तर.

"कधीपासून लावता, बाई?"

"तुमी देल्लं त्याच सालापासून, साहेब. एक दसरा चुकू नाही देल्ला. त्याच्याच पुन्याईनं हे वर आले." तिने डोक्यावरचा पदर सारखा करून मला हात जोडले.

पुंडलिकराव तिच्या जोडलेल्या हातांकडे पाहत राहिले. मग चाकू मिटला आणि खिशात ठेवला. थाळी जागेवर ठेवली आणि त्यांनीही मला हात जोडले.

अंगणात जाताना ते केवळरामच्या चांगल्या कानाशी वाकले. "डबा खोटा नव्हता, केवळराम. चूक माझी. एक गोष्ट तुला सांगायची राहून गेली होती."

"कोनती, साहेब?"

"आता आठवत नाही."

जीप गेली. जे झाले ते कळणारा एकच माणूस होता आणि आता तो परत येईल असे वाटत नाही. त्या संध्याकाळी मात्र केवळराम देव्हाऱ्यापाशी आला. माझ्या पाठीवर त्याने दोनदा थापटले.

तेव्हा माझे जुने मागणे मी परत घेतो. तुमच्यापैकी कोणी कधी इकडे आलात आणि तुम्हाला या यंत्रातले काही कळत असले, तर नमस्कार करा आणि जा. माझ्या थाळीला चाकू लावू नका.