कॉपीवाल्यांचा लाडका बूट

मित्रांनो, मी एक जुना बूट आहे. उजव्या पायाचा. डावा माझ्या शेजारीच असतो, पण त्याच्या तोंडून कधी शब्द फुटला नाही. मला मात्र गप्प बसताच येत नाही. करर्र-कच, करर्र-कच!

जन्मतः मी असा नव्हतो हं. चामडं कापून, शिवून, सोल चिकटवून मला तयार केलं तेव्हा मी अगदी शहाणं बाळ होतो. दुकानात काचेमागे ऐटीत बसायचो. मग एक दिवस सर आले, पाय घातला, दोन पावलं चालले आणि म्हणाले, "जमलं." तेव्हापासून मी सरांचा. सर कॉलेजात औषधनिर्माण शिकवतात. एकदा प्रयोगशाळेत कसलीशी बाटली फुटली, तिच्यातलं पाणी माझ्या सोलमध्ये मुरलं आणि मला कंठ फुटला.

सरांची बायको वैतागायची. "अहो, तो बूट दुरुस्त तरी करून आणा. तुम्ही कोपऱ्यावर असता, त्याचा आवाज येतो आणि मी इकडे चहा टाकते!"

पण परीक्षेच्या दिवसांत माझ्याइतका भाव कुणाला नव्हता. मी लांबून वाजलो की हॉलमध्ये नुसती सळसळ. चिठ्ठ्या बाहीत, मोज्यात, कॅल्क्युलेटरच्या कव्हरमध्ये गडप! मी बाकापाशी पोचेपर्यंत सगळे कसे साळसूद. मुलांनी सरांचं नावच 'करकर' ठेवलं होतं. वर्गात एक कुरळ्या केसांचा मुलगा आहे, सगळे त्याला कुरळ्याच म्हणतात. तो एकदा म्हणाला, "सर, हे बूट तुम्हाला फार शोभतात हो. बदलू नका कधी." मी इतका फुगलो की एक नंबर मोठाच झालो असेन!

जिन्यात मुलांचं बोलणं माझ्या कानावर पडायचं.

"सगळेच करतात रे. न करणारा येडा."

"आणि नोकरी लागल्यावर कोण विचारतंय, पाठ होतं का म्हणून?"

"करकर आहे तोवर आपल्याला मरण नाही!"

मला वाटायचं, सरांना यातलं काही ठाऊक नसेल. पण एकदा घरी दारातच माझा विषय निघाला तेव्हा ते बायकोला म्हणाले, "राहू दे गं. आवाज आला की पोरं आवरून बसतात. पकडलं तर वर्ष बुडतं त्यांचं. माझ्या हातून ते नको." बोलताना आवाज शांत होता. माझ्या आतली बोटं मात्र सारखी चुळबुळत होती. पायाची बोटं कुणाला दिसत नाहीत, पण बुटापासून ती काय लपणार?

शेवटच्या बाकावर एक मुलगी बसायची. तिचा हात कधी बाहीकडे गेला नाही. वर्गानं तिला नाव ठेवलं होतं, साध्वी. शेवटच्या पेपरच्या आदल्या दिवशी ती तरातरा सरांच्या टेबलापाशी आली.

"सर, तुमचा बूट वाजतो."

"माहीत आहे."

"वाजल्यावर काय होतं, तेही माहीत आहे?"

सरांनी टेबलावरचे कागद उगाच सारखे केले. माझ्या आत अंगठा वर-खाली, वर-खाली.

"म्हणजे त्यांची तुम्हाला दया येते. मग माझी का नाही येत, सर? हॉस्पिटलमधल्या ट्रेनिंगची एकच जागा उरलीये. मी पाठ करून करून मरते आणि तो कुरळ्या माझ्या पुढे! आई म्हणते, तूच कमी पडतेस. काय सांगू तिला?"

"बस जरा. पाणी पी."

"नको. उद्या मीपण चिठ्ठी आणणार आहे. आधीच सांगून ठेवते. नंतर 'तुझ्याकडून अशी अपेक्षा नव्हती' म्हणू नका!"

ती गेली. सर घरी आले, पण मला काढेचनात. गॅलरीत या टोकाहून त्या टोकाला. करर्र-कच, करर्र-कच. बायकोनं दोनदा हाक मारली, तरी लक्ष नाही.

दुसऱ्या दिवशी हॉलच्या दाराशी सर थांबले, वाकले आणि माझी नाडी सोडू लागले. आम्हा दोघांना उंबऱ्याबाहेर ठेवून ते नुसत्या मोज्यांनिशी आत गेले. एका मोज्यातून अंगठा बाहेर डोकावत होता.

"आज बूट बाहेर आहेत," सर म्हणाले. "मी कुठे आहे ते आज तुम्हाला ऐकू येणार नाही. ज्यानं जे आणलंय, ते पेपर वाटायच्या आत बुटात टाकून या. मी खिडकीकडे तोंड करून उभा राहतो. नाव विचारणार नाही. पण नंतर सापडलं, तर सोडणारही नाही."

कुरळ्या ओरडला, "सर, असं न वाजता फिरणं म्हणजे चीटिंग आहे!"

हॉल खो खो हसला. त्या हसण्यातच एक जण उठला, माझ्यात काहीतरी टाकून पळाला. मग दुसरा. मग रांगच! लहान मुलांच्या औषधांचे डोस, मुंगीएवढ्या अक्षरांत. तापानं फणफणलेल्या बाळाला औषध देताना ही मंडळी कुठल्या बाहीत बघणार होती, कोण जाणे! मी गळ्यापर्यंत भरलो. पण मी वाट बघत होतो ती एकीचीच. ती मांडीवर मूठ आवळून बसली होती.

"झालं?" म्हणत सरांनी पेपरचा गठ्ठा उचलला.

तेवढ्यात ती धावत आली. माझ्यापुढे उकिडवी बसली, मूठ उघडली. घामानं शाई पसरली होती. तिनं चिठ्ठीकडे पाहिलं आणि मूठ पुन्हा मिटली. मित्रांनो, माझी शिवण उसवायचीच बाकी राहिली! मग तिनं चिठ्ठी सगळ्यांच्या वर खुपसली आणि मागे न बघता जागेवर गेली.

कुरळ्या माझ्याकडे आला नव्हता. पेपर अर्धा झाला तेव्हा चिठ्ठी उघडून बसलेल्या त्याच्या मागे सर उभे होते आणि त्याला पत्ताही नव्हता.

"सर, वर्ष जाईल हो माझं!"

"माहीत आहे रे," सर म्हणाले. गार फरशीवर त्यांची बोटं आखडलेली मला बाहेरूनही दिसली.

पेपर सुटल्यावर ती दाराशी थांबली.

"कसा गेला?" सरांनी विचारलं.

"एक प्रश्न राहिला, सर. नेमका चिठ्ठीतलाच होता." डोळे भरले होते, पण ती हसत होती. "बाकीचा सगळा माझा आहे."

निकाल अजून लागायचा आहे. ती जागा तिला मिळेल की नाही, मला ठाऊक नाही. सर रोज नोटीस बोर्डापर्यंत एक फेरी मारतात, मीही त्यांच्या पायात जीव मुठीत धरून जातो. काही मुलं आता सरांना बघून तोंड फिरवतात. माझं कौतुक तर केव्हाच आटलं.

मित्रांनो, तुमच्याही वर्गात असेल अशी एखादी. तिला येडी म्हणून एकटं पाडू नका. तिच्या शेजारी बसा आणि आपापलं लिहा. एखादा प्रश्न राहिला, तर राहू दे.