तडजोडेंची तोडजोड

‘...आणि विषय संपला-’ एवढंच त्या ओळीचं शेपूट पडद्यावर दिसलं आणि तडजोडेंचा चहाचा कप ओठांपर्यंत जाऊन परत बशीत आला.

जहाज कंपनीच्या संदेश खोलीत तडजोडे बावीस वर्षं एकटे बसत होते. बोटीवरच्या माणसांचे आणि त्यांच्या घरच्यांचे निरोप त्यांच्या हातून इकडून तिकडे जात. यंत्र जुनं. एका ओळीत सत्तर अक्षरं घेई, एकाहत्तरावं समुद्रात. पूर्वी एका खलाशाला ‘मुलगी झाली’ एवढंच पोचलं होतं. ‘आणि मुलगाही’ बुडालं. सहा महिन्यांनी तो घरी गेला, तर दारात दोघं मिळून रडत होती.

तेव्हा तडजोडेंनी एक जाडजूड पुस्तक आणलं आणि तेवीस ओळींची शेल स्क्रिप्ट लिहिली, म्हणजे संगणकाला एकामागून एक द्यायच्या हुकमांची चिठ्ठी. निरोप पाठवताना ती लांब ओळ सत्तरच्या आत तोडायची आणि तुटल्या जागी आडवी रेघ मारायची. पलीकडे पोचलं की ओळीच्या शेवटची रेघ पुसून पुढची ओळ जोडायची. म्हणून नाव ‘तोडजोड’. इंग्रजी लिपीतलं ते नाव साहेबांनी ‘तडजोड’ असं वाचलं आणि संध्याकाळपर्यंत स्क्रिप्टच्या मालकाचं आडनाव तडजोडे झालं. खरं आडनाव हजेरीपटावर उरलं.

“मी मजकूर वाचत नाही,” ते सांगत. “ओळ नीट तुटली का, एवढं शेपूट बघतो.” हे खरं होतं. पण बावीस वर्षं शेपटं बघितली की आख्खी गाय ओळखू येते. कुणाचा गुडघा, कुणाची सासू, कुणाचं गणित कच्चं, सगळं त्यांना माहीत होतं.

आजचं शेपूट मात्र भलतंच होतं. तडजोडेंनी आयुष्यात पहिल्यांदा ओळ शेपटापासून तोंडापर्यंत वाचली. एका बोटीच्या चीफ इंजिनियरनं आपल्या मुलीला पाहून गेलेल्या मुलाच्या वडिलांना कळवलं होतं: मुलीचा नकार आहे, क्षमा असावी आणि विषय संपला. निरोप बाराच्या आत पुढे धाडायचा होता. घड्याळात सव्वाअकरा.

आणि काल त्याच इंजिनियरच्या बायकोच्या निरोपाचं शेपूट तडजोडेंना लख्ख आठवत होतं. ‘हो म्हणाली-’ असं.

त्यांनी कालचा निरोप काढला. या बाईंना पूर्णविराम ठाऊक नव्हता. श्वास घ्यायला त्या आडवी रेघ मारत. एरवी त्या ‘एन्टर’ही दाबत नसत, त्यामुळे रेघा ओळीच्या पोटात राहत आणि स्क्रिप्ट त्यांच्या वाटेला जात नसे. काल आनंदाच्या भरात बाईंनी एन्टर दाबलं होतं:

मुलगी हो म्हणाली-
नाही म्हणायला कारणच नव्हतं

शेवटी रेघ दिसल्यावर स्क्रिप्टनं बोटीवर इमानेइतबारे ती पुसली आणि ओळी जोडल्या. बापानं वाचलं: मुलगी हो म्हणाली नाही. म्हणायला कारणच नव्हतं.

तडजोडे साहेबांकडे गेले. साहेब फाईलीत तोंड घालून म्हणाले, “अहो, आपण पोस्टमन. पोस्टमन पाकीट फोडतो का?”

“फोडत नाही साहेब. पण पाकीट मीच चुकीचं चिकटवलंय.”

“बारा वाजता निरोप गेला पाहिजे. नाहीतर मेमो. काहीतरी तडजोड करा.”

“ते नुसतं आडनाव आहे साहेब. तेही माझं नाही.”

परत येऊन त्यांनी बाईंना फोन लावला.

“वहिनी, संदेश खोलीतून बोलतोय. मुलगी हो म्हणाली की नाही म्हणाली?”

“हो म्हणाली म्हणजे काय, मी विचारायच्या आधीच म्हणाली, मुलगा हसतो जरा जास्त पण ते काय लग्नानंतर होतंच कमी, आणि भाऊ, तुम्हाला हे कसं कळलं?”

“मी ओळीचं शेपूट बघतो.”

“कुठल्या ओळीचं?”

“सगळ्याच.”

पलीकडे शांतता. बाईंच्या बोलण्यातला हा पहिला पूर्णविराम.

“म्हणजे मागं मी जाऊबाईंबद्दल लिहिलं होतं...”

“तेही.”

“मग तुम्हीच सांगा भाऊ, माझं काय चुकलं?”

तडजोडेंनी घड्याळाकडे पाहिलं. “काही नाही वहिनी. त्या जरा जास्तच करतात.”

फोन ठेवून त्यांनी बावीस वर्षांत पहिल्यांदा स्वतःचा निरोप लिहिला: ‘मुलगी हो म्हणाली. चूक वहिनींची नाही, माझ्या स्क्रिप्टची. मुलाकडे जाणारा निरोप थांबवला आहे.’ खाली आपलं खरं आडनाव टाकलं. मग बोटीवर ते कुणाला माहीत असणार, म्हणून खोडून ‘तडजोडे’ केलं आणि बोटीवर धाडलं.

बारा वाजले. नकाराचा निरोप गेला नाही. तडजोडेंनी स्क्रिप्ट उघडली आणि चोविसावी ओळ घातली: मूळ मजकुरात ओळीच्या शेवटी रेघ असेल, तर तिच्यानंतर एक मोकळी जागा सोड. म्हणजे रेघ शेवटची राहणार नाही. मोकळी जागा कुणाला दिसणारही नाही.

बारा वीसला उत्तर आलं. घेणाऱ्याचं नाव तडजोडे. ‘थांबवलंत ते बरं केलंत. आता वाचताच आहात तर तिला विचारा, मनापासून हो आहे ना. आईसमोर नको.’

फोन वहिनींनीच उचलला.

“मुलीला द्या,” तडजोडे म्हणाले.

“का हो?”

“नियम आहे.”

असा नियम नव्हता. मुलगी आली, दार लावल्याचा आवाज आला.

“बोला काका.”

“ताई, बाबा विचारतायत, मनापासून हो ना?”

ती हसली. “बाबांना सांगा, हो. आणि काका, ते तोडून पाठवू नका.”

“एकच शब्द आहे, ताई. तुटत नाही.”

‘हो’ गेला. मुलाच्या वडिलांना लिहिलेला निरोप इंजिनियरनं स्वतःच मागे घेतला. एक वाजता साहेब मेमो घेऊन जातीनं आले. तडजोडेंनी तो नीट वाचला, त्यातली शुद्धलेखनाची एक चूक दाखवली आणि सही केली.

“चूक कबूल आहे ना?” साहेबांनी विचारलं.

“तुमची की माझी?”

साहेब गेले. तडजोडेंनी आपल्या नावानं आलेला निरोप कागदावर छापला. आलेला निरोप पाकिटात घालून, वहीत नोंद करून, घेणाऱ्याची सही घ्यायची असा खोलीचा रिवाज. त्यांनी पाकीट बंद केलं, वर नाव लिहिलं, वहीत तारीख आणि वेळ घातली.

मग काउंटरची फळी उचलून ते बाहेर आले. वळून पलीकडे उभे राहिले, कारण घेणारा पलीकडेच उभा राहतो. दोरीनं बांधलेलं पेन ओढून घेतलं आणि वाकून सही केली.