जिल्ह्याचा एक मार्क

पंचशीलानं कागद सरांच्या टेबलावर ठेवला आणि हात मागं घेतला. तीस मार्कांची चाचणी. नाव : केरबा. मिळाले : तेवीस.

केरबा म्हणजे तिचा बाप. आणि चोवीसच्या खाली आलं की मेंदूची तपासणी करून घ्यावी, हे याच सरांनी वर्गात सांगितलेलं.

ती नांदेडला एम.ए. मानसशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला होती. माणूस लक्षात कसं ठेवतो, विसरतो कसा, असा एक नवाच पेपर त्या वर्षी निघालेला. शिकवायला शरणप्पा सर, निलंग्याकडचे, बंगलोरला ट्रेनिंग करून आलेले. प्रॅक्टिकल सोपं होतं. उतारवयाचा एक माणूस बसवायचा, छापील प्रश्न विचारायचे, रिपोर्ट लिहायचा. वर्गातल्या सगळ्यांनी घरचीच माणसं धरली. पंचशीलानं बाप धरला. केरबा लातूरला पोस्टमन, रिटायर व्हायला आठ महिने राहिलेले. तीसच्या तीस पडतील म्हणून ती हसत बसली होती कागद घेऊन.

"चुकले कुठं?" सरांनी विचारलं.

"जिल्हा कोणता विचारलं तर उस्मानाबाद म्हणाले, सर."

सर खदाखदा हसले. "अगं, लातूर जिल्हा होऊन चार वर्षं झाली फक्त. त्यांनी सारी नोकरी पाकिटावर उस्मानाबाद वाचलं. कागदावर बदलला म्हणून डोक्यात बदलतो व्हय? माझा बाप मरस्तोवर आमचा जिल्हा बीदर म्हणायचा. येडा होता का तो? प्रश्नच चुकला माझा. दे एक मार्क."

चोवीस. पंचशीलाच्या जिवात जीव आला.

"बाकीचे सहा कुठं गेले?"

"चार वजाबाकीत, सर. आणि तीन शब्द लक्षात ठेवायचे होते ना, त्यातला एकच आठवला."

सरांचं हसू थांबलं. चष्मा काढून ते नुसताच पुसत बसले. "शब्द बदल," म्हणाले, "आणि पंधरा दिवसांनी परत घे."

पंधरा दिवसांनी ती लातूरच्या एसटीत बसली. लोहा मागं पडलं तसं दोन्हीकडं नुसती काळी भेगाळलेली रानं. एका फाट्यावर रिकाम्या घागरींची रांग, टँकरचा पत्ता नाही. तिच्या डोक्यात मात्र आईचं मागचं बोलणं फिरत होतं. तुझे आबा हल्ली बरीच पत्रं वापस आणतात. विचारलं तर म्हणतात, दुष्काळ हाय, माणसं गेली जगायला, घरांना कुलपं हायत, द्यावं कुणाला? खरंच होतं की. निम्मी निम्मी गल्ली रिकामी झालेली. असंच असणार, असंच असणार, असं ती अहमदपूर येईपर्यंत स्वतःला सांगत राहिली.

आई, सुमनबाई, दारातच भेटली. आत बघून हळूच म्हणाली, "परवा पलीकडच्या गल्लीतली चांगुणाबाई पत्रासाठी भांडून गेली. म्हणली, आमच्या घराला कुठाय कुलूप? आम्ही उंबऱ्यातच बसून राहिलो की दिवसभर."

पंचशीला चपला काढून आत गेली.

केरबा खाकी घालून, केस विंचरून खाटेवर बसला होता, परीक्षेला बसल्यागत. "इचार पंचे. आज एक बी चुकत न्हाई."

"जिल्हा कोणता, आबा?"

"लातूर! नवाकोरा. कलेक्टर हाफिस दावू का चल?"

तिला हसू आलं. साल बरोबर. महिना बरोबर. मग तिनं तीन शब्द सांगितले. पाटी, लिंबू, बैल. त्यानं मागं मागं म्हटले, अगदी स्पष्ट. मग शंभरातून सात सात वजा करायला लावलं; अडखळला, पण पाचही वेळा जमलं. पेन तिच्या हातात हलकं झालं.

"आता आबा, मघाशी तीन शब्द सांगितले ते कोणते?"

"कंदील, घोडा, बाजरी!" केरबानं एका दमात सांगितलं आणि मांडीवर थाप मारली.

ते पंधरा दिवसांपूर्वीचे शब्द होते.

"तू गेल्यावर तुझ्या आईला इचारून घेतले," तो खुशीत सांगायला लागला. "रोज दाढी करताना घोकून राहिलो. लई घोकलेत, बाई."

दारात सुमनबाई खाली बघत उभी होती. कशाची तरी भीती असल्याशिवाय माणूस पंधरा दिवस तीन शब्द घोकत बसत नाही.

"आबा, आज दुसरे शब्द होते. आत्ता सांगितले मी."

"कवा? तू कुठं काय सांगितलं?" तो हसला. मग तिच्या तोंडाकडं बघितलं, आणि हसणं तसंच तोंडावर राहिलं.

एक मार्क सरांनी जिल्ह्याचा दिला होता. या तीन शब्दांना द्यायला तिच्याकडं कारण नव्हतं. तिनं शून्य लिहिलं. केरबाला वाचता येत होतं.

"मला काढतील का गं?"

"मला माहीत न्हाई, आबा." खोटं बोलायला जीभच वळली नाही. "चांगुणाबाईचं पत्र कुठाय?"

तो उठला. वाकून खाटेखालून पिशवी ओढली आणि तिच्या पुढ्यात पालथी केली. एक पत्र नव्हतं. ढीग होता. पोस्टकार्डं, अंतर्देशीय, राखीचं एक फुगलेलं पाकीट.

"कुलपं न्हवती समद्यांना," केरबा जमिनीकडं बघत म्हणाला. "घरंच सापडंनात. समद्या गल्ल्या एकसारख्या दिसून राहिल्या."

सुमनबाईनं तोंडाला पदर लावला. पंचशीलानं गुडघ्यावर बसून पत्रं गोळा केली, गल्लीप्रमाणं लावली. "चला. आत्ता वाटून येऊ. मग उद्या मोठ्या दवाखान्यात जाऊ, मी येते संगं."

भर दुपारचे दोघं निघाले. पहिल्या वळणावर केरबा थांबला. डावीकडं बघितलं, उजवीकडं बघितलं. चांगुणाबाईचं घर इथून चौथं. पंचशीला एक पाऊल मागं उभी राहिली, वाट न दाखवता. वळतील, आत्ता वळतील.

बाप उभाच राहिला.