बंद न पडणाऱ्या बसगाड्या

माझी बायको बस डेपोची प्रमुख आणि मी शाळेत चित्रकला शिकवणारा. त्यामुळे घरात कोणाच्या कामाला काम म्हणायचं, यावर आमचा कधी वाद झाला नाही. भाजी फोडणीला पडलेली असो की पाहुणे दारात उभे असोत, तिचा फोन वाजायचा. अमुक चौकात बस बंद पडली. की बाईसाहेब पायात चपला अडकवून पसार. मागे भाजीही मी ढवळायची आणि पाहुण्यांपुढे हसायचंही मीच.

"माझ्यावाचून तिथे पान हलत नाही," असं ती कुरकुरत सांगायची. पण सांगताना चेहरा असा खुलायचा, की कुरकुर नेमकी कशाबद्दल आहे ते कळू नये.

अशातच मुख्य कार्यालयाने सगळ्या डेपोप्रमुखांना एका अभ्यासक्रमाला धाडलं. सिस्टिम्स थिंकिंग. मी विचारलं, "हे काय असतं?"

"गुंतागुंतीचं काम कसं सांभाळायचं, त्याचं शास्त्र."

"मग मला कशाला हवंय ते? मी तुझ्याशी इतकी वर्षं संसार केलाय."

यावर तिने माझ्याकडे असं पाहिलं, की मी निमूट चहा करायला उठलो.

शिकवणाऱ्या मॅडम आमच्या मुलीपेक्षाही लहान होत्या. त्यांनी पहिल्याच दिवशी घरचा अभ्यास दिला. तुमच्या कामात कशामुळे काय होतं ते गोल आणि बाण काढून दाखवा, आणि चित्रात स्वतःला घालायला विसरू नका. बाईसाहेब जेवणाच्या टेबलावर मोठा कागद पसरून बसल्या. गोल कसले, चांगले पोसलेले बटाटे होते ते. माझ्यातला मास्तर गप्प बसेना. मी एक वाटी पुढे सरकवली.

"ही ठेवून काढ. निदान एक तरी गोल गोल येईल."

"गोलांचं काही नसतं हो, बाणांचं असतं," ती म्हणाली आणि वाटीत शेंगदाणे घेऊन खात बसली.

मग ती बाण काढू लागली. रस्त्यात बस बंद पडते. ती ताबडतोब पिटमधले मेकॅनिक उचलते. पिट म्हणजे तो लांब खड्डा, ज्यावर बस उभी करून खालून तिची देखभाल करतात. स्टोअरमध्ये पार्ट नसला, तर त्या पिटवरच्या बसचाच काढून घेते आणि रस्त्यातल्या बसला लावते. बस चालू होते, प्रवासी टाळ्या वाजवतात, वरिष्ठ शाबासकी देतात. इकडे पिटवरच्या बसची देखभाल अर्धवट उरकून तिला दुसऱ्या दिवशी रस्त्यावर सोडलं जातं. काही दिवसांनी तीही कुठल्यातरी चौकात बसकण मारते.

"मग?" मी विचारलं.

"मग मी पुन्हा धावते." तिचं बोट बाणांवरून फिरत फिरत स्वतःच्या बटाट्यावर येऊन थांबलं. "अहो, या गाड्या मीच बंद पाडतेय."

मी खो खो हसलो. काखेत कळसा नि गावाला वळसा, असं काहीतरी म्हणालोही. ती हसली नाही. मग माझंही हसू आटलं.

वेळ मात्र तिने वाईट निवडली होती. सगळ्या डेपोंच्या मुख्याची जागा रिकामी होणार होती. नावं दोनच होती, हिचं आणि पलीकडच्या डेपोच्या प्रमुखाचं. त्याला सगळे तुफान म्हणत. बाह्या कायम वर, कोपरापर्यंत ग्रीस, आणि बंद बसखालून बाहेर येतानाचा त्याचा फोटो प्रत्येक नोटीस बोर्डावर. हिने मला स्पष्ट सांगितलं होतं, "मला ती खुर्ची हवी आहे. फार हवी आहे." तिने असं काही तोंडाने मागितलेलं मी क्वचितच ऐकलं होतं.

आणि नेमकं तेव्हाच तिने धावणं सोडलं. नवा नियम केला. पिटवरच्या बसचं काम पुरं होईपर्यंत तिच्यावरचा माणूस हलवायचा नाही आणि तिचा एक स्क्रूही काढायचा नाही. रस्त्यात बंद पडलेली बस थांबेल, प्रवासी मागच्या बसने जातील. सुरुवातीला नुसता शिमगा. प्रवासी तिच्या नावाने खडे फोडू लागले आणि वरिष्ठ तिला बोलावून झापू लागले. बाई खुर्चीत बसून उंटावरून शेळ्या हाकतात, असं डेपोतलेच लोक म्हणू लागले. शेवटी माझाही धीर सुटला.

"अगं, निवड होईपर्यंत तरी धाव."

"मॅडम म्हणाल्या, खरी सुधारणा आधी बिघाडासारखीच दिसते."

"मॅडमचं काय जातंय? खुर्ची तुझी जाणार आहे!"



पुढे हळूहळू बस बंद पडेनाशा झाल्या. एकदा आम्ही सबंध जेवण समोरासमोर बसून जेवलो. फोन बिघडला की काय, म्हणून तिने मला मुद्दाम फोन करायला लावला. चांगला खणखणीत वाजला. मग तिने प्रथमच लक्ष देऊन माझी भाजी खाल्ली आणि ती तिला मुळीच आवडत नसल्याचं त्या दिवशी मला कळलं.

निवड झाली. तुफानची. संकटात धावून जाणारा माणूस, असा त्याचा गौरव झाला. हिच्याबद्दल वरिष्ठ म्हणाले, "त्यांच्या डेपोत सध्या विशेष काही घडत नाही."

घरी येऊन ती न्हाणीघरात गेली आणि बराच वेळ नळ चालू ठेवला. मी बाहेर येरझाऱ्या घालत सगळ्या जगाला शिव्या देत होतो. बस बंद पाडून चालू करणाऱ्याच्या गळ्यात हार, आणि बंदच पडू न देणाऱ्याच्या हाती धुपाटणं! नळ बंद झाला. ती डोळे पुसत बाहेर आली आणि म्हणाली, "जरा हळू. शेजारी ऐकतायत."

तुफानचा पहिलाच हुकूम आला. हिच्या डेपोत काम कमी, तेव्हा तिथले दोन मेकॅनिक जास्त बिघाड असलेल्या डेपोंना द्यावेत. ती तडक त्याच्या कार्यालयात गेली. तिचा पारा चढलेला पाहून मीही सोबत गेलो आणि दाराशी उभा राहिलो.

"माणसं नेलीत, तर माझा पिट ओस पडेल," ती म्हणाली. "तुमच्या पदरात आणखी एक रडका डेपो येईल, एवढंच."

"मग मी काय करू, बाई?" तुफानचा आवाज ओढलेला होता. "सगळीकडून बोंब आहे. माणसं आणू कुठून?"

"मला न्या. आमच्या डेपोत रिकामं कोणी असेल तर ती मीच."

तो आधी हसला, मग हसायचा थांबला. माणूस वाईट नव्हता, धावून धावून पार दमला होता. त्याने मेकॅनिक सोडले आणि हिला घेतलं. आता ती त्याच्या हाताखाली बसून बाकीच्या डेपोंना बटाटे काढायला शिकवते. तिचा डेपो फोरमन सांभाळतो.

परवा संध्याकाळी ती म्हणाली, "स्कूटर जरा डेपोवरून घ्या. माझा थर्मास राहिलाय तिथे." तो थर्मास आमच्या स्वयंपाकघरात होता. मी स्कूटर डेपोकडे वळवली.

आत पिटवर एक बस उभी होती. खालून एका मेकॅनिकने आवाज दिला, "बाई, हातात काम आहे, आलोच!" तो आला नाही. फोरमन हात पुसत पुढे आला. बाईंना पाहून त्याला खरंच आनंद झाला होता. त्याने खुर्ची दिली, घरच्यांची चौकशी केली आणि मग अगदी साधेपणाने विचारलं, "काही काम होतं का, बाई?"

"नाही. सहज," ती म्हणाली. थर्मासचं नावही तिने काढलं नाही.

फाटकाशी येईपर्यंत तिचे डोळे भरले. मला भयंकर राग आला.

"कृतघ्न मेले! इतक्यात विसरले तुला."

"विसरले नाहीत हो. त्यांचं माझ्यावाचून अडलं नाही." तिने पदराने नाक पुसलं. "इतकं चांगलं काम मी आजवर केलं नव्हतं. आणि इतकं वाईटही कधी वाटलं नव्हतं."

तिचा हात धरून मी तिथेच फाटकात उभा राहिलो. मागून हॉर्न वाजला. संध्याकाळच्या बस वेळेवर सुटत होत्या, आणि आम्ही त्यांच्या वाटेत होतो. आम्ही बाजूला झालो.