केळीच्या बागेचा तास

"मॅडम, लाईन लागनी!" चुडामणनं आवाज दिला, तशी अकरा मुलंमुली एकुलत्या एका संगणकाभोवती गोळा झाली.

साल १९९८. जळगावच्या त्या कॉलेजात चुडामण सत्तावीस वर्षं प्रयोगशाळेचा शिपाई होता. इंग्रजीच्या जैनब मॅडमनी टेलिफोनच्या तारेवरून मुलांना वेगळ्याच जगात नेलं होतं. तिथं चित्रं नव्हती, सगळं शब्दांचं. 'उत्तरेला जा' टाइप केलं, की पुढच्या जागेचं वर्णन पडद्यावर उमटे आणि तिथं आलेल्या परदेशी मुलांशी लिहून बोलता येई. जळगावच्या मुलांनी तिथं शब्दांची केळीची बाग उभारली होती. आज फिनलंडचे विद्यार्थी ती पाहायला येणार होते. तास फसला तर टेलिफोन उद्यापासून ऑफिसात, असं प्राचार्यांनी बजावलं होतं.

पडद्यावर पाहुणे आले. पहिलाच प्रश्न: एक झाड किती वर्षं फळ देतं?

मुलं शहरातली, डाळमिलवाल्यांची, सराफांची. "दहा लिहू का?" पितांबर कुजबुजला.

"नही रे भो," चुडामणला मागून राहवलं नाही. "एकच डाव. घड काढा का झाड कापी टाकतस. शेजारनं पील, नवा कोंब, तेच मोठं व्हस."

रावेरजवळ त्याची दीड एकर केळी होती. पहाटे पाणी देऊनच तो गाडी पकडत असे.

मॅडम खुर्चीवरून उठल्या. "चुडामणभाऊ, इथं बसा."

"मी? माले इंग्रजी नही येस."

"ते मी बघते. तुम्ही फक्त सांगा."

तो खुर्चीच्या कडेवर टेकला. पाणी किती, घड कधी निसवतो, पानं का फाटतात. प्रश्न येत गेले. तो हातांनी दाखवत सांगे, मॅडम उभ्यानंच टाइप करत.

"वारा उना तं बठ्ठी बाग आडवी व्हस. मनी बाग दोनदा झायी."

मग तुम्ही काय केलंत? कुणीतरी तिकडून विचारलं.

चुडामण म्हणाला, "दुसरे दिन कॉलेजले उनू. रजा नव्हती. जूनमा परत केळी लाई."

मॅडमची बोटं थांबली. मग त्यांनी ते जसंच्या तसं लिहिलं.

अर्ध्या तासाचा वर्ग तासभर चालला. पुढच्या मंगळवारीही हेच शिक्षक हवेत, असं पाहुण्यांनी लिहिलं. टेलिफोन प्रयोगशाळेतच राहिला.

चुडामण खुर्चीवरून उठला, तशी अकराही मुलं उभी राहिली. कोण आलं म्हणून त्यानं वळून दाराकडे पाहिलं.