साहेबांचा चष्मेवाला

रविवारी सकाळी तरी माणसानं झोपावं की नाही? पण विलासच्या नशिबी तेही नव्हतं. आठवडाभर दिल्लीतल्या मंत्रालयात फायलींशी डोकं आपटायचं आणि रविवारी उजाडायच्या आत लक्ष्मीबाई नगरातून निघून गुडगावच्या अरवलीत पक्षी बघत हिंडायचं. दीनानाथसाहेबांना पक्ष्यांचा नाद लागला होता, आणि विलासचा पुण्याला बदलीचा अर्ज त्यांच्याच टेबलावर पडून होता. दिल्लीला तो अगदी विटला होता.

सुख एकच. सातवीतली रेवती बरोबर यायची. आधी नीट बघ, मग जे दिसलं तेच बोल, हे तिला बापानंच शिकवलेलं. आमच्या बाबांचं पक्ष्यांत कधी चुकत नाही, असं ती शाळाभर सांगत सुटली होती.

त्या रविवारी बाभळीवर चिमणीहून लहान, पिवळसर पक्षी येऊन बसला आणि त्यानं लांब शीळ घातली. विलासनं दुर्बीण लावली. काळे पंख, त्यांवर दोन पांढऱ्या पट्ट्या. दुर्बीण रेवतीला देत तो हळूच म्हणाला, "सुभग." दिल्लीत वाढलेल्या पोरीला पक्ष्याचं हे मराठी नाव नवं होतं. तिनं ते पुटपुटून पाहिलं आणि हसली. विलासचा आठवड्याचा शीण निम्मा उतरला.

तेवढ्यात मागून साहेबांनी जाहीर केलं, हा चष्मेवाला. अहो, चष्मेवाल्याच्या डोळ्याभोवती पांढरं कडं असतं, ते इथं औषधालाही नव्हतं! पण साहेब म्हणतील ती पूर्व दिशा. बरोबरच्या सगळ्या ऑफिसरांनी री ओढली. वरून शेरा आला की खाली सह्या होतात, तसंच.

साहेबांनी विलासलाही मत विचारलं. रेवती दुर्बीण छातीशी धरून बापाकडे बघत होती, ऐटीत. विलासला तो अर्ज आठवला, आणि एकाएकी फार थकल्यासारखं झालं.

"चष्मेवालाच, साहेब. बिल्कुल."

परतताना त्यानं लेकीला समजावलं, की एवढ्याशा पक्ष्यासाठी मोठ्यांशी कशाला वाद घालायचा. ती "अच्छा" म्हणाली. रुसली असती तर बरं झालं असतं. पण तिनं ते मुकाट पटवून घेतलं, आणि विलासला स्वतःची लाज वाटली.

काही दिवसांनी अर्जावर सही झाली. विलास घरी आला तेव्हा रेवती बाल्कनीत उभी होती. समोरच्या कडुनिंबावर काहीतरी पिवळसर हललं, आणि तीच शीळ आली. पट्ट्याही स्पष्ट दिसत होत्या. त्याला इतका आनंद झाला, की बदलीचं सांगायचंच राहिलं.

"सांग बघू, कोण आहे?"

रेवतीनं नीट निरखून पाहिलं. ओठ हलले, पण नाव बाहेर आलं नाही. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, टोमणाही नव्हता. पोरगी शिकवल्यासारखी वागत होती.

"साहेबांना विचारून सांगा ना, बाबा."